मागच्या ओळीतले दौलतराव

जानेवारीतला दुसरा शनिवार, सकाळ. ठिकाण: हसनाबादजवळच्या एका गावातलं बुद्धविहार. हजर: कमलबाई (निवृत्त शिक्षिका, मृत्युपत्र यांचंच), उत्तमराव (विहार कमिटीचे अध्यक्ष आणि बाईंचे जुने विद्यार्थी), सलीमभाई पेंटर, आणि मी. मी भोकरदनला वकिली करते.

मी पोचले तेव्हा भांडण सुरू झालं होतं.

"बाई, दान द्या, पण दौलतमामांचं चित्र भिंतीवर न्हाई," उत्तमराव म्हणत होते. "आज मामा, उद्या सरपंचाचे वडील. भिंत एकच हाय."

बाईंच्या पश्चात त्यांच्या पैशातून विहारात मोठं चित्र रंगवायचं होतं. तथागत उपदेश करताहेत, समोर माणसं ऐकत बसली आहेत. अट एकच: ऐकणाऱ्यांत बाईंचे दिवंगत पती दौलतराव दिसले पाहिजेत.

"आमचे हे हयातभर मागच्या ओळीत बसले," बाई म्हणाल्या. "वंदना कधी चुकवली न्हाई. मी हाय तोवर त्यांची जागा मी धरते. मी गेल्यावर कोण धरणार? आणि उत्तम, तुमच्या वर्गाची सहल मी अजिंठ्याला नेल्ती. भिंतीवर दान देणाऱ्यांची नावं दाखवली का न्हाई?"

"दाखवली बाई. पण तिथं भिंती बी लय होत्या."

मी मध्ये पडले. अशा दानाला आम्ही सशर्त म्हणतो. अट पाळली तरच पैसे. कमिटीने अट नाकारली, तर एक्झिक्युटर, म्हणजे मृत्युपत्राप्रमाणे वाटप करणारा माणूस, विहाराला काही देऊ शकत नाही. ती रक्कम उरलेल्या मिळकतीत जाते, आणि उरलेली मिळकत संभाजीनगरच्या पुतण्याला. पुतण्या भला आहे, पण तो प्लॉट घेईल. चित्रही नाही, दौलतरावही नाहीत.

सलीमभाई टेपने भिंत मोजत होते. तिथूनच बोलले.

"वकीलताई, मामांना पाठमोरं काढतो ना. मागच्या ओळीतला माणूस तसा बी पाठमोराच दिसतो. चेहरा न्हाई, नाव न्हाई. मंग कमिटीला काय तकलीफ?"

"पाठीवरून कोण ओळखंल त्यांना?" बाई म्हणाल्या.

"टोपी दाखवणार न्हाई. त्या जमान्यात टोपी कुठं होती? मामांचे एवढे मोठे कान उघडेच राहतील."

आधी उत्तमराव हसले. बाईंनी त्यांच्याकडे वर्गातल्यासारखं रोखून पाहिलं, पण त्यांनाही राहवलं नाही.

"हे मला बघायला आल्ते तेव्हा माझ्या आईनं पहिलं तेच पाह्यलं होतं," त्या म्हणाल्या.

"कानाला कोण हरकत घेईल? बिलकुल मंजूर," उत्तमराव म्हणाले. "फक्त नाव न्हाई."

"न्हाई टाकत. तू गप बस आता."

इथून माझं काम सुरू झालं. 'मोठे कान' असं मृत्युपत्रात लिहून चालत नाही. कुणाला किती मोठे वाटतील, यावर उद्या वाद होईल. म्हणून लिहिलं: 'मागच्या ओळीत, दाराच्या बाजूला, पाठमोरी बसलेली एक व्यक्ती, डोके व कान सोबतच्या रेखाचित्राप्रमाणे.' कमिटीचा संमतीचा ठराव जोडायचं ठरलं. साक्षीदार कमिटीबाहेरचे घेतले. ज्याला मिळायचं आहे त्याचीच साक्ष नको, म्हणजे पुढे कुणी बोट ठेवत नाही.

तीस-एक वर्षांच्या वकिलीत एवढं कळलं आहे: किती द्यायचं हे लोक चहा संपायच्या आत सांगतात. माणूस कुठे बसवायचा, यात दुपार जाते.

मसुदा तयार आहे. ठराव आला. साक्षीदार बोलावले की येतील. नोंदणी अडली आहे ती रेखाचित्रापायी. सलीमभाईंना दौलतरावांचा पाठमोरा फोटो हवा, आणि पाठीमागून फोटो कुणी कुणाचा काढत नाही. म्हणून आम्ही नातेवाइकांच्या लग्नांचे अल्बम तपासतोय. एकात ते पंगतीत पाठमोरे सापडले, पण लग्न थंडीतलं, कानाला मफलर. त्यांच्या राजूरच्या साडूंकडचा अल्बम अजून बघायचा आहे. लग्न उन्हाळ्यातलं होतं, असं बाई सांगतात.