एक फॉर्म जास्त

ठाण्यातलं आमचं कॉलेज तीस वर्षं मी चालवलं. म्हणजे घंटा मी वाजवायचो, बाकीचं प्रिन्सिपल बघायचे. नववी नापास असलो तरी किस्से माझ्याकडेच साठले, कारण शिपायासमोर लोक काहीही बोलतात.

*

लॅबमधल्या सांगाड्याला एकदा मी प्रिन्सिपलसाहेबांचा कोट चढवला. साहेबांनी निरखून बघितलं. म्हणाले, "उद्यापासून तुझा रजेचा अर्ज यालाच दे."

*

मग मानसशास्त्राच्या मॅडमनी सर्व्हे काढला. समलिंगी मुलंमुली जीव द्यायचा विचार करतात, त्याबद्दल विद्यार्थ्यांना काय वाटतं? नाव लिहायचं नाही. फॉर्म मीच वाटायचे, मीच गोळा करायचे.

एका बाकावर चौघांनी लिहिलं, "नाटकं असतात." चौघांची खाडाखोडसुद्धा एकाच जागी. मी म्हटलं, "अरे, मत पण कॉपी?"

एक म्हणाला, "काका, स्वतःचं लिहिलं तर बाजूचा वाचतो ना."

*

त्या वर्गात पोरं चाळीस, फॉर्म निघाले एक्केचाळीस. जास्तीच्या फॉर्मवर एकाच प्रश्नाला उत्तर होतं. अशा कोणाला ओळखता का? "हो. शेवटच्या बाकावर आहे."

शेवटचा बाक मोडका, कधीचा रिकामा. मॅडम म्हणाल्या, "काका, हे तुमचंच काम." मी नाही म्हटलं. आयुष्यात एकदा खरं बोललो, तर कोणी मानेना.

*

दुसऱ्या वर्गात पुन्हा एक जास्त. तेच अक्षर. "हो. आता दारात उभी आहे." दारात तर मी उभा होतो.

तिसऱ्या वर्गात: "हो. काकांच्या मागे आहे. आता फार दिवस उभं राहवणार नाही."

*

वळलो. जिन्यात मोहने गावाहून येणारी सायली, टी.वाय.ची, हातात माझेच कोरे फॉर्म. गठ्ठा स्टुलावर ठेवून मी घंटेला जायचो, तेवढ्यात ती आपला फॉर्म सरकवायची.

गेल्या वर्षी ती आणि तिची मैत्रीण कायम जोडीने दिसायच्या. घरच्यांनी मैत्रिणीचं कॉलेज बंद केलं. तेव्हापासून सायलीशी कोणी बोलत नव्हतं.

तिला तडक मॅडमच्या केबिनवर नेलं. मॅडमनी फोन बंद केला, शेजारी खुर्ची ओढली.

दारातून मी म्हटलं, "अगं, एवढी भुताटकी कशाला? मी रोज इथेच असतो. मला सांगायचं."

"सांगायलाच आलेलो काका, आम्ही दोघी. तुम्ही विचारलंत, तुमची वरात कधी काढायची. सगळा जिना हसला."