आप्पांच्या डोळ्यांच्या उंचीचं कपाट

गेल्या आठवड्यात आमच्या रोहा-अष्टमीच्या घरी बाथरूमची भिंत फोडली... आणि ती मीच फोडायला लावली, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर नवरा कमेंटमध्ये येऊन सांगेलच.

कारण आमचे आप्पा, माझे सासरे. उभा जन्म कंपनीत शिफ्ट ड्युटी केलेला माणूस. मागच्या वर्षी त्यांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. आता काठी घेऊन चालतात, पण फार वेळ उभं राहवत नाही.

बेसिनवर आमचं आरशाचं प्लॅस्टिकचं कपाट होतं, भिंतीतून चांगलं पुढे आलेलं. मध्यंतरी आप्पा चूळ भरायला वाकले आणि वर उठताना त्याचा कोपरा थेट कपाळात... रक्त पातळ राहायच्या गोळ्या चालू, त्यामुळे रक्त काही थांबेना.

टाके पडले आणि घरात फर्मान निघालं. आप्पांनी आतून कडी लावायची नाही, कोणीतरी दाराशी उभं राहायचं. दाढीला न्हावी घरी यायला लागला. अंघोळीचं नाव काढलं की आप्पा भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. मला ते बघवेना.

मग ठरवलंच. कपाट भिंतीच्या आत बसवायचं, म्हणजे डोक्याला लागायला पुढे काही उरणारच नाही. आणि आप्पा पुन्हा आतून कडी लावणार... कोण काय म्हणतंय ते बघून घेऊ.

रोह्यात दिसली ती सगळी भिंतीवर टांगायची. शेवटी माहेरी पेणला गेले तेव्हा रामवाडीत हायवेजवळच्या एका दुकानात आत बसवायची मिळाली. दुकानदार लाइटवालं, तीन दारांचं पुढे करत होता आणि मी एकच हात वापरून प्रत्येकाचं दार उघडून बघत होते. आप्पांचा डावा हात अजून साथ देत नाही ना... बोटाने दाबलं की उघडणारं, गोल कोपऱ्यांचं साधं कपाट घेतलं. बाई भलतीच चिकट आहे, असं त्याला नक्की वाटलं असणार.

घरी गवंड्याने भिंत ठोकून बघितली. बेसिनमागची भिंत चार इंची, कपाट मागून किचनमध्ये डोकावेल म्हणाला. नवऱ्याला काम टाळायला आयतंच कारण मिळालं. मी म्हटलं, बाहेरची भिंत नऊ इंची आहे, बेसिन तिकडे सरकवा.

सासूबाईंचं तिसरंच. औषध म्हणजे तीर्थ, ते मोरीत ठेवायचं नाही. मी वाद घालणार होते, पण आपल्याकडच्या दमट हवेत गोळ्या तिथे टिकल्या नसत्याच. त्यामुळे औषधांचा डबा देवघराखालीच राहिला आणि दुकानदाराने मेडिसिन कॅबिनेट म्हणून विकलेल्या या कपाटात औषध सोडून सगळं आहे... आप्पांचा ब्रश, तुरटी, खोबरेल तेल.

गवंड्याने नेहमीच्या उंचीवर पेन्सिलने खूण केली. आणि मला एकदम बाबांचा गणपतीचा कारखाना आठवला. मूर्तीचे डोळे आखताना तिथे कोणी वरून वाकत नाही. मूर्ती लहान असेल तर जमिनीवर बसायचं, मोठी असेल तर स्टुलावर चढायचं... डोळ्याला डोळा आला पाहिजे, नाहीतर नजर चुकते. आम्ही मुलं बाबांच्या तोंडून हे ऐकतच मोठी झालो.

मी प्लॅस्टिकचं स्टूल आणलं, आप्पांना भिंतीसमोर बसवलं आणि बाबांचं ते नजरेचं बोलणं सांगत त्यांच्या डोळ्यांसमोर दुसरी खूण केली. आरसा इथे, बेसिन त्याच्या खाली. नवरा कुरकुरला, मला तर यात माझी छातीच दिसेल. 

"तू वाकू शकतोस," मी म्हटलं. "आप्पांना फार वेळ उभं राहता येत नाही."

गवंड्याने पहिली खूण पुसली.

परवा सकाळी आप्पा काठी टेकत आत गेले. नवरा सवयीने दाराशी उभा राहायला निघाला... तेवढ्यात आतून कडी लागली. त्याने माझ्याकडे बघितलं. मी मानेनेच राहू दे म्हटलं, पण खरं सांगते, कान सगळे त्या दाराकडे होते. गॅसवरचं दूध उतू गेलं तेही कळलं नाही.

बऱ्याच वेळाने आप्पा बाहेर आले. अंघोळ झालेली, दाढी केलेली, कानाखाली थोडा फेस तसाच. माझ्यासमोर थांबले.

"नजर बराबर आली गो," म्हणाले, आणि चहाला बसले.

डोळे भरून आले माझे. बाबांच्या कारखान्यातली एवढीशी रीत सासरी अशी कामी येईल, असं वाटलं नव्हतं.

आता आमच्या घरात रोज सकाळी आप्पा सोडून सगळे त्या आरशासमोर कमरेत वाकतात... वाकू देत.