दहाच्या आत जागा सोडायची

जालन्याहून मी निघाले त्या दिवशी बाबा रिक्षापर्यंतसुद्धा आले नाहीत. दाराच्या चौकटीवर हात ठेवून उभे राहिले आणि रिक्षा सुरू झाल्यावर मोठ्याने म्हणाले, "पोचलीस की आधी पत्ता कळव." वेळेवर जेव नाही, जपून राहा नाही. पत्ता. माझा नवरा मिलिंद सिंगापूरला नोकरीला लागला होता, मी त्याच्याकडे निघाले होते, जन्मात पहिल्यांदा विमानात बसणार होते, आणि बापाला पत्त्याची पडली होती. फार राग आला होता मला. मुंबईपर्यंत रडत गेले.

तुमच्यातल्या ज्यांनी माझ्यासारखं लहानपण पाहिलंय त्यांना बाबांचं बरोबर कळलं असेल. बाबा रस्त्याच्या कामावर होते. काम पुढे सरकलं की आमचं बिऱ्हाड सरकायचं. शाळेत जायच्या वयाची होईपर्यंत मी पालातच वाढले. गावाबाहेर, रस्त्याच्या कडेला पाल ठोकायचं. आई पुढची जागा झाडून सडा टाकायची आणि तीन दगडांची चूल मांडायची. जरा कुठे बूड टेकतंय तोवर कुणीतरी यायचंच, कधी मुकादम, कधी शेताचा मालक, कधी गावातली चार माणसं, आणि म्हणायचं, निघा. आमची जात कळली की जरा लवकर म्हणायचं. पुढे बाबा खात्यात कायम झाले, दोन खोल्या बांधल्या. भिंतींना गिलावा व्हायच्या आधी दारावर नावाची पाटी लागली होती.

सिंगापुरात क्लेमेंटी भागात फ्लॅट घेतला तेव्हा मी बाबांना फोनवर ब्लॉक, मजला, पोस्टल कोड सगळं सांगितलं. त्यांनी आमच्या नावाची पाटी करवून कुणाबरोबर तरी पाठवून दिली, चक्क मराठीत. समोरच्या दारातल्या चिनी आजी इतकी वर्षं तिच्याकडे कौतुकाने बघतात. बाबा गेले, पण ते गेले तेव्हा त्यांची लेक मालकीच्या घरात होती. एवढं समाधान त्यांना मिळालं, आणि मलाही.

आणि आता मिलिंदला तेच घर विकायचं आहे.

मिलिंद यंदा रिटायर होतोय. चांगी बिझनेस पार्कात एका बँकेच्या आयटीमध्ये त्याची सगळी नोकरी गेली. रोज एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने, बेटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचं, दिवसभर काचेच्या आत बसायचं आणि अंधार पडल्यावर परत यायचं. या माणसाने कधी कशाचा हट्ट केला नाही. आता करतोय. फ्लॅट विकायचा, ऑस्ट्रेलियात मोटरहोम, म्हणजे राहायची गाडी, घ्यायची आणि हातपाय चालतायत तोवर तिच्यातच राहायचं. व्हिसा संपत आला की थोडं बाहेर जायचं, परत यायचं. फ्लॅट विकल्याशिवाय हे जमणार नाही, हेही त्याने शांतपणे समजावलं. रात्रीच्या जेवणानंतर तो मोटरहोमवाल्यांचे व्हिडिओ बघतो. त्यातली नवरा-बायको सारखी हसत असतात. मला त्यांचा संशय येतो.

आम्ही भांडलो, अर्थात. मी म्हटलं, घर विकून रस्त्यावर राहायचं? तो म्हणाला, "हे घर तरी कुठे आपलं? नव्व्याण्णव वर्षांचं लीज आहे. निम्मं संपत आलं."  खरं होतं ते, आणि मला ते माहीतही होतं, फक्त बाबांना कधी सांगितलं नव्हतं. आमची लेक मैत्री इथेच जन्मली, इथेच तिचं लग्न झालं. तिला फोन केला तर इथल्या बोलीत म्हणाली, "आई, यू थिंक टू मच लाह. पप्पांना ट्राय करू दे ना." पाल तिने कधी पाहिलं नाही. तिने कशाला पाहावं म्हणा.

तर ट्राय केलं. न्यूझीलंडला गाडी भाड्याने घेऊन दोन आठवडे फिरलो. खोटं कशाला बोलू, जागा स्वर्गासारख्या होत्या. मिलिंदने डॅशबोर्डवर बुद्धाची छोटी मूर्ती चिकटवली होती आणि तो शीळ घालत गाडी चालवायचा. त्याला शीळ घालता येते हे मला लग्नाला इतकी वर्षं होऊन ठाऊक नव्हतं. पहिल्या मुक्कामाला उतरलो आणि मी काय केलं, तर गाडीतला छोटा झाडू घेऊन दारापुढची खडी झाडून काढली, बाटलीतलं पाणी घेऊन सडा टाकला. शेजारच्या गाडीतला गोरा म्हातारा म्हणाला, ते काम इथली माणसं करतात, तुम्ही बसा आरामात. मिलिंद पोट धरून हसला. मीही हसले. पण त्यानंतर प्रत्येक मुक्कामाला मी झाडलंच. हात ऐकेनात.

त्याहून वाईट सकाळचं होतं. या कॅम्पच्या जागांचा नियम असतो, दहाच्या आत जागा सोडायची. मिलिंद पावणेदहाला कॉफी पीत डोंगर बघायचा. मी सातपासून भांडी आवरून, गाद्या गुंडाळून, पायात बूट घालून बसलेली.  कोण येणार होतं? ऑफिसातली ती सोनेरी केसांची पोरगी आम्हाला "हॅव अ लव्हली डे" म्हणायची. तरी मला रोज वाटायचं, आता कुणीतरी येईल.

परत आल्यावर मिलिंदने एजंट गाठला. एक तरुण जोडपं फ्लॅट बघून गेलं, त्यांना फार आवडला. बायको स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी राहून खालच्या हॉकर सेंटरमधली खाण्याची दुकानं बघत होती, मी बघते तशीच. रविवारपर्यंत हो की नाही ते सांगा, असा एजंटचा निरोप आला. माझी झोप उडाली. हो म्हणावं तर बापाने जन्मभर कशासाठी जीव काढला? नाही म्हणावं तर माझ्या नवऱ्याची शीळ मीच बंद करायची?

शनिवारी आईला व्हिडिओ कॉल लावला. आई जालन्यात त्याच दोन खोल्यांत राहते, भाऊ-भावजय आहेत सोबत. वाटलं होतं, ती डोक्याला हात लावेल आणि माझं काम सोपं करेल. तर तिने चौकशीच सुरू केली.

"पाणी कुठून आणता?"

"नळ असतो गं जागेवर."

"अन् संडासला?"

"गाडीतच आहे."

"बरंय की मग." ती फोनच्या आणखी जवळ आली. मग म्हणाली, "अन् निघा म्हणायला कोण येतं?"

"कुणी येत नाही आई. फक्त सकाळी दहाच्या आत जागा सोडायची."

"म्हणजे येतंच की," आई म्हणाली. "तुझ्या बापाला घर पाहिजे होतं बाई. मला घराचं काही नव्हतं. पालातबी दिवस गेलेच ना. निघा म्हणणारं कुणी नको, एवढंच पाहिजे होतं मला."

फोन ठेवला आणि मिलिंदच्या समोर जाऊन बसले. म्हटलं, मला भीती वाटते. गाडीची नाही, परक्या देशाची नाही. रोज सकाळी कुणीतरी मला निघा म्हणणार आणि परत जायला जागा नसणार, याची. लीजचं म्हणशील तर ते आपण दोघं जाईपर्यंत पुरतंय. तेवढं मला बास आहे. तू गाडी भाड्याने घे, हवं तितकं फिरू, मी येईन. पण फ्लॅट राहील.

 तो उठला आणि त्याने एजंटला स्वतःच नकार कळवला. तीन-चार दिवस घरात शीळ नव्हती, व्हिडिओही नव्हते. मला चूक केल्यासारखं वाटत होतं. अजूनही अधूनमधून वाटतं. त्याला मी कमी आकाश दिलं, हे मला माहीत आहे.

घर म्हणजे काय असं इकडे आलेल्या आम्हा लोकांना सारखं कुणी ना कुणी विचारतं. गाव म्हणा, माणसं म्हणा, म्हणायला पुष्कळ आहे. माझ्यापुरतं सांगते. जिथे सकाळी दहा वाजले तरी मी अंथरुणात लोळत पडू शकते, ते माझं घर. मी कधी लोळत नाही, ते सोडा.

गेल्या आठवड्यात मिलिंद चहा पिता पिता म्हणाला, "पुढच्या वेळी आईंना घेऊन जाऊ या का? जवळच, मलेशियात. आठच दिवस." मी आईला विचारलं. वय झालंय, गुडघे दुखतात, नाहीच म्हणेल असं धरून चालले होते. तिने तिथेही दहाचाच नियम आहे का, ते विचारून घेतलं. आहे, म्हटलं.

"मग आपण नवालाच निघू," आई म्हणाली. "सांगायची पाळी कशाला येऊ द्यायची."