तपासणीच्या आदल्या दिवशीचा उपास

आधी सिस्टरांचं सांगतो, मग माझं. आमच्या भागातल्या सरकारी दवाखान्यात दर मंगळवारी शुगर-बीपीवाल्यांची रांग लागते. त्या रांगेच्या तोंडाशी टेबल मांडून ज्या सिस्टर बसतात, त्यांच्यामुळे मी आज दोन पायांवर उभा आहे. एक बोट कमी, पण उभा आहे.

मी हिंगोलीकडचा. सातवीत गणितात नापास झालो, मास्तरांनी वर्गासमोर उभं केलं, तेव्हा शाळा सोडली ती सोडलीच. पुढं पोटासाठी कोल्हापुरात आलो, फाउंड्रीत लागलो. बायको-पोरं गावाकडं. चाळिशीत शुगर निघाली, मागोमाग बीपी. मग डॉक्टर म्हणाले, किडनीवरही लक्ष ठेवावं लागेल. ते नीट समजावून सांगत होते आणि मला वर्गात उभं केल्यासारखा घाम फुटत होता.

म्हणून मी एक युक्ती काढली. महिनाभर कॅन्टीनचं मिळेल ते खायचं, आणि तपासणीच्या आदल्या दिवशी कडक उपास. नुसतं पाणी आणि बिनसाखरेचा चहा. मंगळवारी आकडा चांगला यायचा. डॉक्टर बरं म्हणायचे, एकदा तर त्यांनी एक गोळी कमी केली. मी पास झाल्याच्या आनंदात दवाखान्याबाहेर वडा खाल्ला.

अशातच भट्टीजवळ एक ठिणगी बुटात गेली. शुगरनं पाय बधिर झालेले, दुखलं नाही, म्हणून बघितलं नाही. चार-पाच दिवसांनी मोजा चिकटला तेव्हा कळलं. पण मंगळवार जवळ आला होता. जखम दाखवली तर सगळं उघडं पडेल, या भीतीनं वर दुसरा मोजा चढवला.

त्या मंगळवारी रांगेतच डोळ्यांपुढं अंधारी आली. सिस्टरांनी धरून बाकावर बसवलं, बोटाला सुई टोचून आकडा बघितला आणि साखरेचं पाणी पाजलं. थोडं सावरल्यावर विचारलं, "पावणं, काल काय जेवलासा?"

मी भाजी-भाकरी म्हणालो. त्यांनी माझी पिशवी उघडली. तपासणी झाली की खायला आणलेल्या सहा चपात्या आणि गुळाचा खडा निघाला. त्यांनी चपात्या मोजून परत पिशवीत ठेवल्या. मागं रांगेतलं कोणीतरी हसलं.

"हितं पास व्हायला येतासा व्हय?" त्या हळू आवाजात म्हणाल्या. "मी काय मास्तरीण न्हाय. वाईट आकडा घिऊन या की. वाईट आकड्यावरच औषध ठरतंय."

मला रडू आलं. बोलण्याऐवजी मी बूट काढला.

रांग तशीच सोडून त्या मला आत घेऊन गेल्या. तीन महिन्यांची साखर सांगणारी तपासणी झाली. तिला एका दिवसाचा उपास फसवत नाही. आकडा बघून डॉक्टरांनी माझे जुने कागद एकेक करून उलटले. सगळे चांगले, सगळे खोटे. रागावले असते तर बरं वाटलं असतं. मोठ्या दवाखान्यात बोट काढावं लागलं. पाय वाचला, तो त्याच दिवशी पाठवलं म्हणून, असं तिथले डॉक्टर म्हणाले. बायको येईपर्यंत डबा सिस्टरांच्या घरून आला.

किडनीचं दुखणं मात्र पुढं सरकलंय. भट्टीवरचं काम सुटलं, आता गेटवर बसतो. सोमवारी संध्याकाळी अजून ताट समोर नको वाटतं. तरी जेवतो. मंगळवारी जो येईल तो आकडा सांगतो. बहुतेकदा वाईटच असतो.

परवा रांग संपायला दुपार उलटून गेली. सिस्टर कपाटाआड उभ्या राहून घाईघाईनं गोळी घेत होत्या. गोळी ओळखीची होती, शुगरची, मी घेतो तीच. जेवलासा का, असं मी विचारलं, तर म्हणाल्या, "जेवतो की मग."

पुढच्या वर्षी त्या रिटायर होणार आहेत. मग त्यांनाही कुठल्यातरी रांगेत उभं राहावं लागेल. त्या दिवशी त्यांच्या आधी जाऊन मी नंबर धरीन, आणि त्या जेवून आल्यात का, हे पिशवी उघडून बघीन.