पाटी नसलेली गावं

मार्चमधल्या एका मंगळवारी माझा नवरा लायब्ररीत वारला. सिंगापूरमधला आमचा फ्लॅट त्याच्या युनिव्हर्सिटीचा होता. तो महिनाअखेर सोडायचा होता.

तो अमेरिकेतल्या त्या गावांवर संशोधन करत होता, जिथे काळ्या माणसांनी दिवसा राबायचं आणि सूर्य मावळायच्या आत निघून जायचं. काही गावांच्या वेशीवर तशी पाटीच असे. शेवटी शेवटी मात्र तो जेवताना एकच सांगायचा, "अगं, कितीतरी गावांनी पाटी लावलीच नाही. गरजच पडली नाही."

माझी नोकरी होती, इथे राहायचा पासही माझा स्वतःचा होता. भाड्याचं घर हवं होतं, त्याची पुस्तकं मावतील असं. एजंट फोनवर विचारायचे, "इंडियन?" हो म्हटलं की घर नुकतंच गेलेलं असायचं. मैत्रीण म्हणाली, "आपल्या माणसांकडे बघ ना."

आपल्या माणसांचं घर समुद्राकाठच्या ईस्ट कोस्ट भागात निघालं. मालकीणबाई पुण्याच्या. चहा केला, माझं ऐकून डोळे पुसले, भिंतभर शेल्फ दाखवलं. "इथे लावा हो त्यांची पुस्तकं. इथले लोक आपल्याला इंडियन म्हणून घर नाकारतात, किती अपमान!"

मग करार पुढे ओढला. "आडनाव?"

आमचं लग्न जातीबाहेरचं. त्याचं आडनाव ऐकल्यावर मराठी माणसाला जात विचारावी लागत नाही. मी तेच सांगितलं. पेन थांबलं.

"हे सासरचं ना? माहेरचं काय?"

सांगितलं.

"अहो, मग आधी नाही का बोलायचं! तेच घालू. आम्ही नाही हो मानत तसलं काही, पण सासूबाई येऊन राहतात. त्यांना उगाच कशाला?"

शेल्फ खरंच चांगलं होतं.

"पुस्तकं त्याची चालतील, नाव नाही?"

"पुस्तकांवर नाव कुठे दिसतंय?"

"पहिल्या पानावर आहे. तो प्रत्येक पुस्तकावर लिहायचा."

मी चहा संपवून निघाले. खाली गेटवर पाटी होती. सायकली लिफ्टमधून नेऊ नयेत, एवढंच तिच्यावर होतं.

आता मी शहराच्या उत्तर टोकाला, वुडलँड्सला एका खोलीत राहते. पुस्तकं खोक्यांत आहेत, काही पलंगाखाली, काही दारामागे. त्याच्या संशोधनाचं शेवटचं प्रकरण अर्धं आहे. खोलीच्या करारावर त्याचं आडनाव आहे.