डाव्या हाताची फाईल

आप्पांनी माऊस ड्रॉवरमध्ये ठेवून वर कुलूप लावलं होतं आणि किल्ली शर्टाच्या खिशात. बेळगावात खासबागेतल्या त्यांच्या टायपिंगच्या खोलीत मी पहिल्या दिवशी गेले तेव्हा टेबलावर एक कीबोर्ड, एक स्क्रीन आणि कागद, एवढंच. "माऊस कुठं आहे आप्पा?" मी विचारलं. "कशाला पायजे? हात उचलायचा, तिकडं न्यायचा, बाण हुडकायचा, परत आणायचा. तेवढ्यात वाक्य थंड हुतंय गं." मनात म्हटलं, म्हातारं विक्षिप्त दिसतंय. महिनाभर काढू आणि दुसरीकडं बघू. अकरा वर्षं काढली.

आमच्याकडं अर्ज लिहून देणाऱ्या माणसाला काय मान असतो, ते बेळगावात राहिल्याशिवाय कळायचं नाही. घरात मराठी, कचेरीत कन्नड, पोराच्या शाळेत इंग्रजी. माणूस एकच, पण त्याचं गाऱ्हाणं तीन भाषांत हिंडतं. आप्पा तिन्हीत टाईप करत. कन्नड अर्जात मराठी माणसाचं आडनाव चुकलेलं त्यांना चालत नसे आणि मराठी निमंत्रणात कन्नड पाहुण्याचं गाव चुकलेलंही. म्हणायचे, "भांडण मजकुरात असू दे, टायपिंगात नको."

सगळं काम ते एका साध्या एडिटरमध्ये करत. रंग नाहीत, चित्रं नाहीत, नुसती अक्षरं. पण त्या एडिटरची एक फाईल होती आणि आप्पांचा जीव त्या फाईलमध्ये होता. तिच्या प्रत्येक ओळीत डावीकडं एक बटण आणि उजवीकडं त्याचं काम. मला काही केल्या कळेना. मी वडगावची, घरात चार माग. तेव्हा आप्पा म्हणाले, "तुझ्या बाबांच्या मागावर भोकं पाडलेले पुठ्ठे असतात न्हवं? भोक कुठं हाय त्यावर कुठला दोरा उठायचा ते ठरतंय. मागाला फूल ठाऊक नसतंय, पान ठाऊक नसतंय. तसंच हे. बटणाला सेव्ह म्हंजे काय ते ठाऊक न्हाय. फाईलीत जे लिहिशील ते ते करतंय. पुठ्ठा बदल, नक्षी बदलली." इंजिनियरिंगच्या पोरांना वर्षभर शिकवून कळत नाही ते मला त्या दिवशी दोन मिनिटांत कळलं.

आप्पांचा पुठ्ठा मात्र जगावेगळा. डाव्या हाताचं बोट कायम समोरच्या कागदावर, चालू ओळीवर. ते तिथनं हलवायचं नाही, म्हणून सगळ्या कमांड उजव्या हाताखाली घेतलेल्या. शिवाय भाषा बदलली की त्याच बटणावर दुसरं अक्षर येतं आणि एडिटर अक्षर बघतो, बटण बघत नाही. म्हणून प्रत्येक काम फाईलीत तीनदा लिहायचं: इंग्रजी अक्षराला एकदा, मराठीला एकदा, कन्नडला एकदा. एकदा त्यांचा पुण्याचा कुणी भाचा आला आणि सवयीनं सगळं जग सेव्ह करायला जे बटण दाबतं ते त्यानं दाबलं. अख्ख्या लग्नपत्रिकेतली नावं उलटसुलट झाली. भाचा घामाघूम. आप्पा शांतपणे म्हणाले, "दुसऱ्याच्या घरात गेल्यावर आधी विचारावं, तांब्या कुठं ठेवताय म्हणून." आणि एका बोटानं सगळं जागेवर आणलं.

एकच काम त्यांनी मुद्दाम अवघड करून ठेवलं होतं. सगळा मजकूर पुसायचा तर दोन्ही हातांची चार बटणं एकदम दाबावी लागत. कडोलीच्या साहित्य संमेलनात वाचायला म्हणून एका निवृत्त गुरुजींनी आमच्याकडं चाळीस कविता टाईप करून घेतल्या होत्या. त्यांना वाचायला वेळ मिळाला नाही, त्या रागात ते आले आणि म्हणाले, "पुसून टाका सगळ्या! माझ्या डोळ्यांदेखत!" आप्पा म्हणाले, "व्हय, पुसूया की. पण गुरुजी, त्याला दोन्ही हात लागतात आणि माझ्या एका हातात चहा हाय. घ्या तुम्हीबी." चहा झाला, दुसरा झाला, कुणाकुणाला शिव्या देऊन झाल्या. जाताना गुरुजी दारात थांबून म्हणाले, "राहू द्यात आजच्या दिवस." त्या कविता अजून आहेत. चांगल्या आहेत असं मात्र मी म्हणणार नाही.

आणखी एक खोड. एडिटर आपणहून अधनंमधनं सेव्ह करतो, ते आप्पांनी बंद केलं होतं. "न सांगता कुणी माझं काम केलेलं मला चालत न्हाय," म्हणायचे. मी कितीदा वाद घातला. ऐकतील तर आप्पा कसले!

तर असा हा माणूस एका सकाळी आंघोळीला गेला आणि उजवी बाजू लुळी पडून तिथंच कोसळला. जीभ वाचली, पाय थोडा थोडा सुधारला, पण उजवा हात गेला तो गेलाच. त्यांच्या बायको, आक्का, आधीच वारलेल्या. मुलगा प्रकाशदादा पुण्याहून धावत आला. वाईट माणूस नव्हे, बापाची काळजीच होती त्याला. त्यानं सरळ सांगितलं, "आप्पा, खोली बंद करू. पुण्याला चला, आरामात राहा." आप्पा म्हणाले, "हात गेलाय रं, कामावरनं उठवू नको." शेवटी ठरलं ते असं, की दिवाळीला प्रकाशदादा येईल, बसून बघेल. आप्पांना स्वतःचं काम स्वतः जमलं तर खोली चालू. नाही तर पुणे.

त्या संध्याकाळी आप्पा मला म्हणाले, "शोभे, फाईल काढ. सगळं डावीकडं आण." अकरा वर्षांत त्यांनी मला त्या फाईलीला हात लावू दिला नव्हता. दीड महिना आम्ही तेच केलं. दोन बटणं एकदम दाबणं एका हाताला जमत नाही, म्हणून सगळं एकापाठोपाठ केलं: आधी कोपऱ्यातलं एक बटण, मग अक्षर. सेव्ह कुठल्या बोटाला, खाली जाणं कुठल्या, भाषा बदलणं कुठल्या, यावर आमची रोज भांडणं. "करंगळीवर लई ओझं टाकू नको गं, ती गरीब असती," असं ते म्हणत आणि मी ओळ खोडून पुन्हा लिहायची. कागद धरायला मी लाकडी फळीला चिमटा ठोकून दिला. दसऱ्यापर्यंत आप्पा सावकाश का होईना, पान उतरवायला लागले. चेहऱ्यावर रंग आला. मला म्हणाले, "पहिल्या पगाराला हुतो तसा खुश हाय बघ मी."

दिवाळीच्या आधी दोन दिवस प्रकाशदादा आला आणि खुर्ची ओढून मागं बसला. नेमक्या गल्लीतल्या बसव्वा आक्का आल्या. नवरा गेलेला, विजेचा मीटर आपल्या नावावर करून हवा होता. अर्ज अर्थातच कन्नडमध्ये. आप्पांनी त्यांना बसवलं, सगळं ऐकून घेतलं आणि डाव्या हातानं सुरुवात केली. पाऊण तास लागला. मध्ये मध्ये ते सेव्हचं बटण दाबत होते, नजर चिमट्यातल्या बसव्वा आक्कांच्या कागदांवर. शेवटची ओळ झाली, आप्पांनी मान वळवून मुलाकडं पाहिलं आणि करंट गेला. यूपीएस कधीचा मेलेला. करंट आला तेव्हा फाईल रिकामी होती. एक अक्षर नव्हतं.

मला तत्क्षणी कळलं. आमच्या खोलीत मराठी अर्ज मी करायची आणि कन्नड आप्पा, ही जुनी वाटणी. नवी फाईल मी मराठीत तपासली, इंग्रजीत तपासली. कन्नडच्या ओळी लिहायच्याच राहिल्या होत्या. ज्या भाषेत मी रोज भाजीवाल्याशी भांडते ती भाषाच विसरले! आप्पा सेव्ह म्हणून दाबत होते, तेव्हा नुसतं एक कन्नड अक्षर कुठंतरी पडत होतं. सरावाला दीड महिना त्यांच्यापुढं मी माझेच मराठी कागद ठेवले होते.

बसव्वा आक्का म्हणाल्या, "राहू दे अण्णा, उद्या येते." प्रकाशदादा उठून उभा राहिला. मी तोंड उघडणार एवढ्यात आप्पा म्हणाले, "माझंच चुकलं. सेव्ह करायचं ध्यानात राहिलं न्हाय. वय झालं रं." आणि माझ्याकडं असं बघितलं की मी गप्प बसले. बसायला नको होतं. त्यांनी डोळ्यांनी गप्प केलं हे खरं, पण मी गप्प झाले ते भ्यायले म्हणून. बापाला चोवीस तास सांभाळायची पाळी ज्याच्यावर येणार, त्याच्यासमोर आपली चूक कबूल करायचं धाडस मला झालं नाही.

पाडव्याला गाडी निघाली. मागच्या सीटवर कॉम्प्युटर गादीत गुंडाळून ठेवलेला, तेवढं मात्र आप्पांनी सोडलं नाही. त्यांनी खोलीच्या किल्ल्या माझ्या हातात दिल्या आणि म्हणाले, "रडू नको. बसव्वाचा अर्ज झाला का?" झाला होता, रात्री बसून मीच केला होता. "मग झालं तर," म्हणाले. निपाणी गेल्यावर त्यांनी फोन केला, बरी आहे गाडी म्हणून. मी बरं म्हणून फोन ठेवला.

पाचव्या दिवशी मी प्रकाशदादाला फोन लावला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. चूक त्यांची नव्हती, माझी होती. ते विसरले नव्हते. मला वाटलं, आता शिव्या घालणार. तो म्हणाला, "मग ती फाईल नीट करून पाठव." दुसरं काही नाही. त्या दिवशी मी माझ्या कॉम्प्युटरवरच्या प्रतीत कन्नडच्या बेचाळीस ओळी लिहिल्या, प्रत्येक तीनतीनदा दाबून बघितली आणि फाईल पाठवली.

पुण्यात आप्पांना गिऱ्हाईक कुठलं मिळणार, असं मला वाटलं होतं. पण त्यांच्या सोसायटीमागं इमारतींची कामं चालली होती आणि तिथं यादगीर, कलबुर्गीकडची कन्नड माणसं. कुणाला गावच्या तलाठ्याला लिहायचं, कुणाला पोरीच्या शाळेला. आप्पा बाल्कनीत बसून लिहून देत. फोनवर मला म्हणाले, "हितं मला अज्जा म्हणतात गं. अण्णाचा आजोबा झालो, प्रमोशन झालं." दोन वर्षं त्यांनी असं काम केलं आणि गेल्या चैत्रात झोपेतच गेले.

दहाव्याच्या दुपारी प्रकाशदादाचा फोन आला. दारात एक बाई उभी आहे म्हणाला. पोरीच्या दाखल्याचा अर्ज आप्पांनी अर्धा करून ठेवलाय, अज्जा गेले हे ऐकूनही ती जायला तयार नाही, गावाकडची गाडी उद्या आहे. "कन्नड मला वाचता येतं शोभा. पुढं काय लिहायचं तेही ती सांगतीय. पण ह्या कॉम्प्युटरवर मी काहीही दाबलं की भलतंच होतंय. आहे तेवढंही जाईल अशी भीती वाटतीय."

"दादा," मी म्हटलं, "उजवा हात मांडीवर ठेवा."

पलीकडं खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "ठेवला. सांग."