बर्फावरचा उजेड

नव्वदच्या सुमारास मी अंटार्क्टिकावर होतो. बर्फ सूर्याचा किती उजेड परत फेकतो, हे मोजणारं यंत्र आम्ही तिथे उभं केलं होतं. नोंदी ते आपोआप घ्यायचं. त्याच्या काचेवर साचलेलं हिम पुसणं एवढंच माझं काम.

आम्हाला उतरवून जहाज परत फिरलं आणि थोड्याच दिवसांत आमच्या गावाहून, भडगावहून, वायरलेसवर निरोप आला. माझे वडील, आमचे आबा, गेले होते. पुढचं जहाज वर्षअखेरीशिवाय येणार नव्हतं.

"आज बाहेर जाऊ नकोस," तळाचे प्रमुख म्हणाले. पण खोलीत मला बसवेना. यंत्रापाशी जाऊन काच पुसत राहिलो. रडू आलं तसा गॉगल आतून धुरकटला आणि पुढचं काही दिसेना. गॉगल काढावा, तर त्या लखलखाटात डोळे उघडता येईनात.

पुढच्या वर्षी घरी आलो. आईने जवळ बसवून विचारलं, "त्या दिनले तू काय करी राह्यंता, भाऊ?"

यंत्राची काच पुसत होतो, असं मी सांगितलं.

तिने माझे थंडीने फुटलेले हात हातात घेतले. मग म्हणाली, "तू येवू शकत नही, माहीत व्हतं. तरी आबासले उचलाना पहिले आम्ही सांजलोंग तुनी वाट दखी."